सौरसंच चोवीस व्होल्टचा, दिवे मात्र बाराचेच!

विजेच्या तारा जेथवर पोचल्या नाहीत, किंवा पोचूनही भरवशाच्या ठरल्या नाहीत, अशा वाड्या-पाड्यांवर आणि शेतावरच्या वस्त्यांवर सौरदिव्यांनी चांगलाच जम बसविला आहे. सरकारी अनुदानातून सुरुवातीच्या काळात वाटल्या गेलेल्या घरगुती संचाचा एक परिचित नमुना म्हणजे ३७ वॉटचे पॅनेल, १२ व्होल्टची ४० अँपिअर-तासांची बॅटरी आणि नऊ-नऊ वॉटचे दोन सीएफएल दिवे. पुढे २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'सौभाग्य' योजनेत दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॉटचा संच, जास्तीत जास्त पाच एलईडी दिवे आणि एक डीसी पंखा अशी तरतूद होती. या साऱ्या संचांमुळे घरात हळूहळू डीसी उपकरणांचा एक संसारच उभा राहिला. बारा व्होल्टचे दिवे, बारा व्होल्टचा पंखा, रेडिओ, मोबाइल चार्जर.

मात्र गरज एका जागी थांबत नाही. दूरचित्रवाणी संच येतो, मिक्सर येतो, शीतपेटीचा विचार सुरू होतो. मग मोठी पॅनेल बसविली जातात, दुसरी बॅटरी येते आणि जाणकार सल्ला देतो, 'आता चोवीस व्होल्टवर जा.' सल्ला योग्यच असतो. प्रश्न उरतो तो जुन्या उपकरणांचा. ती फेकून देणे परवडत नाही आणि चोवीस व्होल्टवर थेट जोडली, तर बहुतेक जळतात. येथेच एक सोपी वाटणारी, परंतु अतिशय महागात पडणारी युक्ती योजली जाते. ती कोणती, हे पाहण्यापूर्वी मुळात दाब वाढवायचाच कशाला, हे समजून घेणे आवश्यक आहे.

दाब वाढवायचा कशाला?

१२० वॉटचे उपकरण बारा व्होल्टवर दहा अँपिअर प्रवाह घेते, तर चोवीस व्होल्टवर केवळ पाच. तारेतील नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने प्रवाह निम्मा झाला की नुकसान चौथाईवर येते. अडीच चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार दहा मीटर दूर न्यायची, म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर, तर तिचा रोध साधारण ०.१४ ओहम होतो. दहा अँपिअरला तेथे सुमारे १.४ व्होल्टची घट होते. बारापैकी १.४ जाणे म्हणजे दिवा मंद आणि पंखा सुस्त. चोवीस व्होल्टवर ही घट ०.७ व्होल्टवर येते आणि ती जाणवतही नाही.

दुसरे कारण पॅनेलचे. जुनी बारा व्होल्टची पॅनेल ३६ सेलची असत. आजची मोठी पॅनेल बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी घडविलेली नाहीत. ७२ सेलचे ३३० वॉटचे पॅनेल सुमारे ३७ व्होल्ट दाबाला नऊ अँपिअर देते. ते साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरमधून बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडले, तर नऊ अँपिअर गुणिले तेरा व्होल्ट, म्हणजे जेमतेम ११७ वॉट पदरात पडतात. उरलेल्या क्षमतेवर पाणी सोडावे लागते. एमपीपीटी कंट्रोलर हा तोटा टाळतो. पण त्याची प्रवाहाची मर्यादा ठरलेली असल्याने त्यालाही बॅटरीचा दाब जास्त असलेलाच सोयीचा पडतो.

मधल्या तारेचा मोह

चोवीस व्होल्टसाठी बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडतात. पहिलीची धन बाजू दुसरीच्या ऋण बाजूला. या सांध्यावरून एक तार काढली की खालच्या बॅटरीतून बारा व्होल्ट सहज मिळतात. ना खर्च, ना नवे यंत्र. दिवे लख्ख लागतात आणि घरमालक समाधानी होतो. मोठ्या मालमोटारींची विद्युतयंत्रणा चोवीस व्होल्टची असते. तेथेही केबिनमधील रेडिओ असाच मधल्या तारेवर चालविलेला आढळतो, आणि एकच बॅटरी वारंवार का बसते, याचे कोडे मालकाला सुटत नाही.

एक उदाहरण घेऊ. पाच वॉटचे चार दिवे पाच तास, वीस वॉटचा पंखा आठ तास आणि किरकोळ चार्जिंग, असा एकूण वापर दिवसाला ३०० वॉट-तास धरला, तर खालच्या बॅटरीतून रोज २५ अँपिअर-तास निघतात. वरचीतून या दिव्यांसाठी काहीच निघत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवतो, तेव्हा एकसर जोडणीमुळे दोघींतून अगदी सारखाच प्रवाह जातो. वरची आधीच भरलेली आणि खालची रिकामी, तरी दोघींना एकच माप.

कंट्रोलरला यातले काहीच दिसत नाही. तो केवळ बेरीज पाहतो. वरची बॅटरी १५.६ व्होल्टवर उकळ्या घेत असेल आणि खालची १२.८ वर अर्धपोटी असेल, तरी बेरीज २८.४ येते. म्हणजे प्रत्येकीला १४.२, असे गृहीत धरून कंट्रोलर 'बॅटरी भरली' असा निर्वाळा देतो आणि प्रवाह आवरता घेतो. परिणामी वरच्या बॅटरीतील पाणी वायू होऊन उडून जाते, तिच्या प्लेटा झिजतात. खालची कधीच पुरती भरत नाही. तिच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि तिची क्षमता घटत जाते. दोन्ही बॅटऱ्या मरतात, फक्त वेगवेगळ्या आजाराने. पावसाळ्यात ऊन कमी झाले की हा दोष उघड होतो, आणि मग दोष दिला जातो बॅटरी विकणाऱ्या दुकानदाराला.

लिथियम बॅटऱ्यांतही मधली तार वर्ज्यच. तेथे प्रत्येक बॅटरीचे आतील संरक्षक सर्किट, दोहोंतील तफावत वाढली की संपूर्ण मालिकाच बंद पाडते.

उपाय कन्व्हर्टरचा

योग्य मार्ग म्हणजे चोवीसचे बारा करणारा डीसी कन्व्हर्टर. तो संपूर्ण मालिकेच्या दोन टोकांवरून वीज घेतो, त्यामुळे दोन्ही बॅटऱ्यांवर समान भार पडतो. मालमोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांत असे कन्व्हर्टर मिळतात. खरेदी करताना मात्र तो 'स्विचिंग' प्रकारचा आहे, याची खात्री करावी. साधा रेग्युलेटर वरचे बारा व्होल्ट उष्णतेच्या रूपाने जाळून टाकतो. एक अँपिअर प्रवाहासाठी बारा वॉट वाया जातात. चांगला स्विचिंग कन्व्हर्टर ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता देतो. वरील उदाहरणात ३०० वॉट-तासांसाठी बॅटऱ्यांतून सुमारे ३३३ निघतील, म्हणजे प्रत्येकीतून १४ अँपिअर-तास.

'सगळेच इन्व्हर्टरवर का चालवू नये?' असा प्रश्न येथे रास्त ठरतो. इन्व्हर्टर काहीही न चालविता नुसता सुरू ठेवला, तरी स्वतःपुरती वीज खातो. ती १५ वॉट धरली, तर चोवीस तासांत ३६० वॉट-तास होतात. आपल्या साऱ्या दिव्या-पंख्यांच्या वापराहून अधिक! मिक्सरसाठी तो अवश्य असावा. काम झाले की बंद करावा.

कन्व्हर्टर निवडताना उपकरणांची बेरीज करून दुप्पट क्षमता घ्यावी. आपल्या उदाहरणातील दिवे, पंखा व चार्जिंग मिळून ५५ वॉट, म्हणजे पाच अँपिअरच्या आत येतात. तेथे दहा अँपिअरचा कन्व्हर्टर ठीक. पंख्याची मोटर सुरू होताना क्षणभर अधिक प्रवाह ओढते, हे लक्षात घ्यावे. बॅटरी चार्ज होत असताना मालिकेचा दाब २९ व्होल्टच्या घरात जातो, म्हणून कन्व्हर्टर किमान ३२ व्होल्ट सोसणारा हवा. तत्पूर्वी प्रत्येक उपकरणावरची पट्टी वाचणे इष्ट. गाडीत लावायचे अनेक मोबाइल चार्जर आणि बरेचसे डीसी शीतपेट्यांचे कॉम्प्रेसर १२ व २४ अशा दोन्ही दाबांवर चालतात. त्यांना कन्व्हर्टरची गरजच नाही.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. जुन्या संचात बॅटरी उतरू लागली की दिवा मंद होई आणि घरातले सावध होत. कन्व्हर्टर शेवटपर्यंत नेमके बारा व्होल्ट देतो. दिवा तितकाच लख्ख राहतो. इतकेच नव्हे, तर बॅटरीचा दाब घसरेल तसा कन्व्हर्टर तिच्यातून अधिक प्रवाह ओढतो. म्हणून तो थेट बॅटरीला न जोडता चार्ज कंट्रोलरच्या 'लोड' टोकांवर जोडावा, म्हणजे दाब सुमारे २२ व्होल्टवर आला की कंट्रोलर पुरवठा तोडतो. त्या टोकांची क्षमता अपुरी असेल, तर दाब उतरताच स्वतः बंद होणारा कन्व्हर्टर घ्यावा. धन तारेवर बॅटरीलगत फ्यूज हवाच. बॅटरीच्या टोकांवर पाना आडवा पडला, तर तो लाल होऊन चिकटतो. दाब कमी म्हणून धोका कमी, हा समज खरा नव्हे. बटणे व एमसीबीही डीसीसाठी प्रमाणित घ्यावेत. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी आपोआप विझते. डीसीत ती तशी विझत नाही.

कमी गरजेच्या घरांसाठी आणखी एक मार्ग आहे, आणि आमच्या मते तो पुष्कळदा सर्वांत स्वस्त पडतो. जुना संच मोडूच नये. जुने पॅनेल, जुनी बारा व्होल्टची बॅटरी आणि दिवे तसेच स्वतंत्र चालू द्यावेत. नवा चोवीस व्होल्टचा संच मोठ्या उपकरणांपुरता ठेवावा. मोठा संच बंद पडला, तरी घरात अंधार होत नाही. नाही तरी जुनी बॅटरी नव्या बॅटरीबरोबर एकसर जोडणे चुकीचेच; क्षमता वेगळी असली की मधल्या तारेसारखाच प्रकार घडतो.

ज्यांच्या घरी मधली तार आधीच जोडलेली आहे, त्यांनी प्रथम ती काढावी. पहाटे, सर्व भार बंद करून, तास-दोन तासांनी दोन्ही बॅटऱ्यांचा दाब मल्टिमीटरने वेगवेगळा मोजावा. फरक ०.२ व्होल्टहून अधिक आला, तर बॅटऱ्या सुट्या करून कमी दाबाची बारा व्होल्टच्या चार्जरवर पूर्ण भरावी. वरचीत पाणी कमी असल्यास डिस्टिल्ड वॉटर घालून प्लेटा बुडू द्याव्यात. मगच पुन्हा एकसर जोडून आठवडाभर रोज मोजमाप घ्यावे. फरक पुन्हा वाढू लागला, तर नुकसान कायमचे झाले आहे असे समजावे आणि एकच बॅटरी बदलण्याऐवजी एकाच क्षमतेची नवी जोडी घ्यावी.