वाद नावाचा, प्रश्न खाटेचा

नवी मुंबई, खास प्रतिनिधी

बेलापूर आणि खारघर ही नवी मुंबईतील एकमेकांना लागून असलेली उपनगरे. रेल्वेने एका स्थानकाचे अंतर. मात्र बेलापूर ठाणे जिल्ह्यात मोडते, तर खारघर रायगड जिल्ह्यात. एरवी नागरिकांच्या ध्यानातही न येणारी ही हद्द २ जुलै २०१२ रोजी महत्त्वाची ठरली. त्या दिवशी सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांपुरती होती. त्या आठांत रायगड होता, ठाणे नव्हता. परिणामी पिवळी वा केशरी शिधापत्रिका असलेले खारघर, पनवेलचे कुटुंब वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतच्या मोफत उपचारांस पात्र ठरले. बेलापूर, तुर्भे किंवा दिघा येथील तशाच कुटुंबाला मात्र २१ नोव्हेंबर २०१३ पर्यंत, म्हणजे सोळा महिन्यांहून अधिक काळ थांबावे लागले.

त्यानंतर या योजनेचे नाव बदलले, मर्यादा वाढली, लाभार्थींची व्याख्या रुंदावली. प्रत्येक बदलाच्या वेळी राजकीय पक्ष एकमेकांसमोर उभे ठाकले. तथापि हा वाद नेमका कशावर होता, याचा शोध घेतला असता एक गोष्ट स्पष्ट होते. गरिबांच्या उपचाराचा खर्च शासनाने करावा की नाही, यावर महाराष्ट्रात पक्षापक्षांत मतभेद नाहीत. मतभेद आहेत ते श्रेयाचे.

योजना एक, नावे तीन

या योजनेचे मूळ १९९७ सालात आहे. शिवसेना-भाजप युतीच्या सरकारने दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांसारख्या गंभीर आजारांसाठी साह्य देणारी जीवनदायी योजना आणली. काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या सरकारने २०१२ मध्ये तिला व्यापक विमा योजनेचे रूप दिले. पृथ्वीराज चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते. आंध्र प्रदेशात २००७ साली सुरू झालेली आरोग्यश्री योजना हा त्यामागील आदर्श होता. आजारांची निश्चित यादी, प्रत्येक उपचाराचा ठरलेला दर, अंगीकृत रुग्णालये आणि तेथे रुग्णाला मदत करणारा आरोग्यमित्र अशी तिची रचना होती. जुन्या नावातील 'जीवनदायी' हा शब्द कायम राहिला. त्यापुढे राजीव गांधी यांचे नाव आले. २०१३ मध्ये नागपूर येथे सोनिया गांधी यांच्या हस्ते योजना राज्यभर लागू झाली, तेव्हा लोकसभा निवडणूक अवघ्या काही महिन्यांवर होती.

सत्तांतरानंतर देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारने १ एप्रिल २०१७ पासून योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले. ही निवड राजकीयदृष्ट्या विचारपूर्वक होती, असे म्हणावे लागते. काँग्रेसच्या नेत्याचे नाव गेले. पण त्याजागी आलेल्या नावाला विरोध करणे कोणत्याही पक्षाला शक्य नव्हते. पुढे महाविकास आघाडीचे सरकार आले आणि त्यात काँग्रेस सहभागी होती. तरीही जुने नाव परत आले नाही. उलट करोनाच्या साथीत, मे २०२० मध्ये, त्याच सरकारने फुले योजना तात्पुरत्या स्वरूपात राज्यातील सर्व नागरिकांना खुली केली. एकनाथ शिंदे यांच्या सरकारने २०२३ मध्ये मर्यादा पाच लाख रुपये केली आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अट काढून टाकली. विस्तारित योजना १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तात्पर्य, चार वेगवेगळ्या राजकीय जुळण्यांनी एकच घर मजल्यामागून मजला वाढवत नेले आणि प्रत्येकाने दारावर आपली पाटी लावली.

हा प्रकार महाराष्ट्रापुरता मर्यादित नाही. आंध्रातील आरोग्यश्रीला २०१४ नंतर एनटीआर यांचे, २०१९ नंतर वायएसआर यांचे आणि २०२४ नंतर पुन्हा एनटीआर यांचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. पश्चिम बंगालने जानेवारी २०१९ मध्ये तीतून अंग काढून घेतले. ओडिशा आणि दिल्ली ही राज्ये योजनेत दाखल झाली ती २०२५ मध्ये, दोन्हीकडे सरकार बदलल्यानंतरच.

नावामुळे जनमतही कसे फिरते, याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. २०१० सालचा आरोग्य सुधारणा कायदा रिपब्लिकन पक्षाच्या एकाही मताविना संमत झाला. तेथील वाद तत्त्वाचा होता. विमा घेणे सक्तीचे करण्याचा अधिकार सरकारला आहे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मात्र २०१३ मध्ये सीएनबीसी वाहिनीने केलेल्या पाहणीत 'ओबामाकेअर'ला विरोध असल्याचे ४६ टक्के लोकांनी सांगितले, तर त्याच कायद्याच्या अधिकृत नावाला विरोध करणारे ३७ टक्केच निघाले.

फूट पक्षाची नव्हे, कार्डाची

नवी मुंबईत आरोग्य व्यवस्थेविषयीची मते पक्षानुसार विभागलेली दिसत नाहीत. ती विभागली आहेत खिशातील कार्डानुसार. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कामगार, ठराविक वेतनमर्यादेत बसत असेल तर, राज्य कामगार विमा योजनेखाली येतो. बाजार समितीतील माथाडी कामगारासाठी १९६९ च्या कायद्याने स्थापन झालेली मंडळे आहेत. माहिती तंत्रज्ञान कंपनीतील कर्मचाऱ्याला मालकाने काढलेला मेडिक्लेम असतो. शासकीय सेवकाची व्यवस्था वेगळी. यांपैकी कशातच न बसणारा घरकामगार, रिक्षाचालक, बांधकाम मजूर हा शिधापत्रिकेवर अवलंबून. वार्षिक एक लाखाहून अधिक उत्पन्न असलेली, पण नोकरीतून विमा न मिळणारी पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबे बराच काळ यातील कोणत्याच छत्राखाली नव्हती.

त्यात भर म्हणजे केंद्राची आणि राज्याची योजना २०२० पासून एकत्र राबविली जात असली, तरी लाभार्थींच्या याद्या दोन होत्या. एक २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेवरून केलेली, दुसरी शिधापत्रिकेवरून. एकाच वसाहतीतील एका कुटुंबाला पाच लाखांचे आणि शेजारच्याला दीड लाखाचे संरक्षण, अशी स्थिती २०२४ पर्यंत होती. ज्याला ज्या दारातून प्रवेश, त्याला तेवढीच व्यवस्था दिसते. ज्याचा मेडिक्लेम आहे त्याला महापालिका रुग्णालयातील रांग जाणवत नाही आणि जो त्या रांगेत आहे त्याला खासगी रुग्णालयाच्या देयकाचा वाद परका वाटतो. सर्वांचा मिळून एक आवाज उठत नाही, याचे कारण येथे आहे.

आकड्यांची चढाओढ

हा विखुरलेला मतदार गोळा करण्याचा सोपा मार्ग पक्षांनी शोधला तो रकमेचा. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सत्ताधारी महायुतीकडे पाच लाखांची योजना होती. महाविकास आघाडीने २५ लाखांच्या आरोग्य विम्याची आणि मोफत औषधांची हमी दिली. ऐकताना पंचवीस हा आकडा पाचाच्या पाचपट भरतो. परंतु अंगीकृत रुग्णालयाला रक्कम मिळते ती त्या उपचारासाठी ठरवून दिलेल्या दराने. एखाद्या शस्त्रक्रियेचा दर रुग्णालयाला परवडत नसेल, तर ते योजनेत येण्याचे टाळते किंवा खाट रिकामी नाही असे सांगते. वरची मर्यादा कितीही वाढविली तरी या अडचणीत फरक पडत नाही.

शिवाय योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या, यादीतील उपचारांसाठी आहे. मधुमेह, रक्तदाब यांची रोजची औषधे, बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या हा खर्च कुटुंबाच्याच माथी राहतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्य खर्चात नागरिकांनी थेट खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे. तरीही शंभरातील जवळपास चाळीस रुपये रुग्णच मोजतो.

ज्यावर कोणी भांडत नाही

पक्ष ज्यावर भांडतात त्याहून ते ज्यावर गप्प असतात, ते अधिक बोलके आहे. केंद्राने २०१० साली वैद्यकीय आस्थापना कायदा केला. खासगी रुग्णालयांची नोंदणी, किमान दर्जा आणि दरांची पारदर्शकता हा त्याचा हेतू. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. येथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालू राहिला. २०२१ मध्ये त्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावण्याची तरतूद झाली, इतकेच. २०१० नंतर आघाडी, युती, महाविकास आघाडी आणि महायुती अशा सर्वांनी सत्ता भोगली. डॉक्टरांच्या संघटनांचा रोष कोणालाच नको होता.

सार्वजनिक खाटांची कथा वेगळी नाही. वाशी येथील महापालिका रुग्णालयाच्या इमारतीचा एक भाग खासगी रुग्णालयाला भाडेकराराने देण्यात आला आणि त्या बदल्यात महापालिकेने पाठविलेल्या गरीब रुग्णांसाठी काही खाटा राखीव ठेवण्याचे ठरले. जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेने करार संपुष्टात आणण्याचा आदेश काढला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ज्या जागेत महापालिकेच्या स्वतःच्या खाटा असू शकल्या असत्या, त्या जागेचा प्रश्न अशा रीतीने कराराच्या कलमांचा झाला.

ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य शासनाने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सर्व सेवा निःशुल्क केल्या. निर्णय स्वागतार्ह होता. परंतु महापालिकांची रुग्णालये त्या विभागाच्या अखत्यारीत येत नाहीत आणि नवी मुंबईतील गरीब रुग्ण प्रामुख्याने महापालिकेच्याच दारात जातो. त्याच महिन्यात ठाणे महापालिकेच्या कळवा येथील रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले. सत्ताधारी व विरोधक यांच्यात आरोपांच्या फैरी झडल्या, चौकशी समिती नेमली गेली. परंतु महानगराच्या इतक्या मोठ्या पट्ट्याचा भार अशा मोजक्याच रुग्णालयांवर का पडतो, याची चर्चा फार काळ टिकली नाही.

विमा योजना रुग्णाला पैसे देते. खाट, डॉक्टर आणि परिचारिका देत नाही. योजनेतील काही उपचार तर केवळ शासकीय रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. तेथे जागा नसेल तर कार्ड असूनही रुग्ण ताटकळतो. म्हणून प्रचारासाठी दारात आलेल्या उमेदवाराला मर्यादा किती लाखांची हे विचारून भागणार नाही. आपल्या विभागातील किती रुग्णालये योजनेत आहेत, महापालिकेच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या चालू खाटा किती, मंजूर पदांपैकी भरलेली किती आणि खासगी रुग्णालयाचे दरपत्रक दर्शनी भागात लावले जाते की नाही, हे चार प्रश्न नागरिकांनी कोणत्याही पक्षाला विचारावेत. त्यांची उत्तरे कोणाचे नाव योजनेला आहे यावर अवलंबून नाहीत.