साप की घोडा? चिनी जन्मकुंडली आणि माणसाचा स्वभाव

वऱ्हाडात स्थळ आलं की पत्रिका मागायची रीत जुनी आहे. गुण किती जुळतात, एकनाडी तर नाही ना, मंगळ आहे का, हे पाहिल्याशिवाय अमरावती-अकोल्यातल्या कितीतरी घरांत पुढची बोलणी होत नाहीत. आता मोबाइलनं त्यात भर घातली आहे. जन्मतारीख टाकली की तुमचा चिनी प्राणी कोणता आणि स्वभाव कसा, याचं लांबलचक वर्णन समोर येतं. कोणी ते करमणूक म्हणून वाचलं तर काही बिघडत नाही. पण त्यावरून एखादी मुलगी तापट आणि एखादा मुलगा आळशी ठरणार असेल, तर ही पद्धत मुळात आहे काय, हे नीट समजून घ्यायला हवं.

गैरसमज १ : चिनी कुंडली म्हणजे आपल्याच बारा राशी, फक्त नावं वेगळी.

वस्तुस्थिती : बारा हा आकडा सोडला तर फारसं साम्य नाही. आपली जन्मरास चंद्रावरून ठरते आणि चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो. चिनी पद्धतीत प्राणी अख्ख्या वर्षाला मिळतो : उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बकरी, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर. त्यांना लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी ही पाच तत्त्वं जोडली की साठ वर्षांचं चक्र पुरं होतं. आपल्या पंचमहाभूतांतले वायू आणि आकाश त्यात नाहीत. जवळचं नातं शोधायचंच तर ते प्रभव-विभवापासून सुरू होणाऱ्या आपल्या साठ संवत्सरांशी आहे. तिबेटी पंचांगातही हेच प्राण्यांचं चक्र आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे, म्हणजे ही कालगणना विदर्भालाही अगदीच परकी नाही.

गैरसमज २ : जन्मसाल माहीत असलं की प्राणी कळतो.

वस्तुस्थिती : चिनी वर्ष १ जानेवारीला बदलत नाही. ते २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळात, अमावास्येच्या दिवशी सुरू होतं. १९९० साली ते २७ जानेवारीला सुरू झालं. म्हणजे अमरावतीच्या डफरीन रुग्णालयात २६ तारखेला रात्री जन्मलेलं बाळ साप आणि काही तासांनी शेजारच्या खाटेवर जन्मलेलं बाळ घोडा!

तज्ज्ञ म्हणवणारे याहून बारीक गणित मांडतात. त्या पद्धतीचं नाव ‘बाझी’, म्हणजे आठ अक्षरं. वर्ष, महिना, दिवस आणि तास असे कुंडलीचे चार खांब आणि प्रत्येक खांबाला दोन अक्षरं. या पद्धतीत बहुतेक जण वर्ष ४ फेब्रुवारीच्या आसपास बदललं असं मानतात. त्यामुळे ३० जानेवारी १९९० चा जन्म लोकप्रिय पद्धतीनं घोड्याचा, पण बाझीनं सापाचाच. एकाच माणसाचे दोन प्राणी झाले, तर त्याचा खरा स्वभाव कोणता धरायचा?

तासाचा खांब दर दोन तासांनी बदलतो. पहाटे ३ ते ५ वाघाचे, ५ ते ७ सशाचे. अनेक जाणकार त्यासाठी स्थानिक सूर्यवेळ धरतात. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतं, तर अमरावती पावणेअठ्ठ्याहत्तरच्या आसपास आणि अकोला सत्त्याहत्तरवर आहे. म्हणून अमरावतीत घड्याळ सरासरी १९ मिनिटांनी आणि अकोल्यात २२ मिनिटांनी सूर्याच्या पुढं असतं. पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी जन्मलेलं मूल घड्याळानं ससा आणि सूर्यानं वाघ. शिवाय आपल्या खेड्यांतल्या कितीतरी वडीलधाऱ्यांची जन्मतारीखच शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजे लिहिलेली आहे. त्यांचा कोणता खांब उभा करणार?

गैरसमज ३ : वर्षाचा प्राणी स्वभाव सांगतो.

वस्तुस्थिती : दहावीचा कोणताही वर्ग डोळ्यांसमोर आणा. त्यातली जवळपास सगळी मुलं दोनच प्राण्यांची असतात. तरी एक पोर पहिल्या बाकावर हात वर करून बसतं, दुसरं वर्षभर तोंड उघडत नाही, तिसरं सगळ्यांची भांडणं मिटवतं. शिक्षकांना हे सांगायला पंचांग लागत नाही. खुद्द चीनमध्येही ही शंका नवी नाही. पहिल्या शतकातला विचारवंत वांग छोंग यानं विचारलं होतं की उंदीर पाण्याचा, घोडा अग्नीचा आणि पाणी अग्नीला जिंकतं; मग उंदीर घोड्याला पळवून का लावत नाही?

गैरसमज ४ : वर्णन तंतोतंत जुळतं, म्हणजे त्यात काहीतरी तथ्य असणारच.

वस्तुस्थिती : ‘तुम्ही मनानं चांगले आहात, पण लोक तुम्हाला समजून घेत नाहीत’ हे वाक्य कोणालाही आपलंच वाटेल. १९४८ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून एक स्वभाववर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी सुमारे ४.३ गुण दिले. प्रत्यक्षात सगळ्यांच्या हातातला मजकूर एकच होता.

चिनी नसली तरी आपल्याकडच्या कुंडलीची चाचणी महाराष्ट्रात झाली आहे. डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. उत्तरं पाठवलेल्या २७ जणांचं यश सरासरी ४६ टक्के निघालं. नाणं उडवूनही साधारण निम्मी उत्तरं बरोबर येतात. हे निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात छापून आले.

गैरसमज ५ : ड्रॅगन वर्षातली मुलं खरंच पुढं जातात.

वस्तुस्थिती : हा मुद्दा थांबून समजून घेण्यासारखा आहे. नाजी मोजान आणि हान यू या अर्थशास्त्रज्ञांना चीनमधली ड्रॅगन मुलं शिक्षणात खरोखर पुढं दिसली. पण कारण आकाशात नव्हतं, घरात होतं. आईबाप त्यांच्याकडून जास्त अपेक्षा ठेवतात, त्यांच्यावर जास्त खर्च करतात, त्यांना घरकाम कमी सांगतात. हा फरक हिशेबात धरला की ड्रॅगनचा लाभ उरत नाही.

याची दुसरी बाजू जपानमध्ये दिसली. अग्नी-घोड्याच्या वर्षात जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याला भारी पडते, अशी तिथं समजूत होती. १९६५ मध्ये जपानमध्ये सुमारे १८.२ लाख मुलं जन्मली. १९६६ हे अग्नी-घोड्याचं वर्ष. त्या वर्षी आकडा १३.६ लाखांवर आला. १९६७ मध्ये तो पुन्हा १९.४ लाखांवर गेला. एका समजुतीपायी लाखो घरांनी मूल होऊ देणंच टाळलं. तेच अग्नी-घोड्याचं वर्ष साठ वर्षांनी, चिनी पंचांगानुसार १७ फेब्रुवारी २०२६ रोजी पुन्हा सुरू झालं. आपल्याकडं मंगळाच्या किंवा मूळ नक्षत्राच्या मुलीच्या नशिबी जे येतं, त्याहून अग्नी-घोड्याच्या मुलीचं नशीब वेगळं नाही.

गैरसमज ६ : मग हे सगळं टाकून द्यावं.

वस्तुस्थिती : कालगणना म्हणून ही पद्धत थोर आहे. सूर्य आणि चंद्र यांचा मेळ घालायला चिनी पंचांगही आपल्यासारखाच अधिक महिना धरतं. प्राण्यांच्या गोष्टी मुलांना जरूर सांगाव्या. माणूस ओळखण्याचं काम मात्र पंचांगाच्या आवाक्यातलं नाही.

म्हणून वऱ्हाडातल्या आईबापांना एकच विनंती. पोराचा स्वभाव जाणून घ्यायचा असेल तर रोज अर्धा तास त्याच्याजवळ बसा आणि त्याला बोलू द्या. स्थळ पाहायचं असेल तर मुलगा-मुलगीला एकमेकांशी दोन-चार वेळा मोकळेपणानं बोलू द्या, शिक्षण आणि तब्येत विचारा, घरातली वागणूक पाहा. आणि कोणत्याही लेकीला तिच्या जन्मवर्षावरून नाव ठेवू नका. जन्माची वेळ तिनं निवडलेली नसते.