जाहीरनामा मोठा, तिजोरी केवढी?

‘साहेब, सोसायटीचं भरू का थांबू?’ बांधावर हा प्रश्न हमखास येतो. २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफी झाली, म्हणून आशा सुटत नाही. त्यात २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने कर्जमाफी आणि लाडक्या बहिणीला १५०० ऐवजी २१०० रुपये कबूल केले. महाविकास आघाडी तर ३००० वर गेली.

आता हिशेब बघा. महिना ६०० रुपये वाढवायचे, तर एक कोटी बहिणींमागे वर्षाला ७,२०० कोटी लागतात. लाभार्थी दोन कोटींच्या वर होत्या. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूटच ४५,८९१ कोटींची. त्यात ना २१०० बसले, ना कर्जमाफी. उलट ३१ मार्चपर्यंत पीककर्ज भरा, असे अर्थमंत्री अजित पवार यांनी मार्च २०२५ मध्ये सांगितले.

मधल्या मधे थांबलेला शेतकरी अडकला. मुदतीत भरले तर ३ लाखांपर्यंत व्याज शून्य. थकले की सवलत जाते, नवे कर्ज अडते आणि खता-बियाण्याला सावकाराचे दार गाठावे लागते.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, मत मागायला येईल त्याला ‘किती देणार?’ याआधी ‘कुठून देणार?’ हे विचारा. आणि शासन निर्णय निघेपर्यंत आश्वासन जमेला धरू नका.