अलिबाग एका दिवसात : आधी तिथी पाहा, मग निघा

ओहोटीचं गणित : कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला भरती 3 च्या सुमारास, तर ओहोटी साधारण 9 वाजता. पाणी चढू लागलं की लगेच परता. स्थानिकांनी अडवलं तर त्यांचं ऐका.

कसं जाल : मुंबईहून गेटवे ते मांडवा लाँच, पुढे बस. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात.

सकाळी : किल्ला, आतलं 1759 चं गणेशमंदिर आणि गोड्या पाण्याचा तलाव. मग गावात कान्होजी आंग्रे यांची समाधी.

दुपारनंतर : नागावच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतून चौलचं रामेश्वर मंदिर, पुढे रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट आणि सातखणी मनोरा. अलिबागहून रेवदंडा सुमारे 17 किलोमीटर.

काय खाल : तांदळाच्या भाकरीबरोबर सुरमई किंवा बोंबील, वर सोलकढी. शाकाहारींनी वालाचं बिरडं मागावं. घरगुती खानावळीत सकाळीच फोन करून जेवण सांगून ठेवा. ताजं आणि वेळेवर मिळतं. हिवाळ्यात वालाच्या शेंगांची पोपटी चुकवू नका.

घरी न्या : उन्हाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या, भौगोलिक मानांकन मिळालेल्या पांढऱ्या कांद्याची माळ. थेट शेतकऱ्याकडूनच घ्या.

जपा : पाण्याची बाटली सोबत ठेवा आणि कचरा परत आणा. परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरतानाच विचारून घ्या.