गाडी माघारी बोलावली. निरोप पोचला का?

नागरा (जि. गोंदिया) : गोंदिया शहराजवळचे नागरा हे गाव प्राचीन शिवमंदिरासाठी ओळखले जाते. अशा गावातील एखाद्याने शहरातून विजेवर चालणारी स्कूटर घेतली, वर्षभरानंतर त्या तुकडीच्या बॅटरीत दोष असल्याचे कंपनीच्या ध्यानात आले आणि कंपनीने गाड्या माघारी बोलावल्या, तर हे वृत्त त्या मालकाला कळणार कसे? घोषणा बंगळुरू किंवा दिल्लीत होते, दोष मात्र ओसरीत चार्जिंगला लावलेल्या गाडीत असतो. ‘रिकॉल’ या शब्दाची खरी कसोटी येथेच लागते.

महाराष्ट्राला या प्रश्नाची तीव्रता २०२२ मध्ये जाणवली. २६ मार्च रोजी पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ओला एस-१ प्रो स्कूटरने पेट घेतला आणि त्याची चित्रफीत देशभर पसरली. ९ एप्रिलला नाशिकमध्ये कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या २० ई-स्कूटर जळाल्या. त्यानंतर आठवडाभरात ओकिनावा कंपनीने बॅटरीतील सैल जोडण्या तपासण्यासाठी ३,२१५ स्कूटर परत बोलावल्या. २१ एप्रिलला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री आणि नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांनी सदोष तुकड्या कंपन्यांनी स्वतःहून तातडीने माघारी घ्याव्यात, निष्काळजीपणा आढळल्यास जबर दंड होईल, असा इशारा दिला. प्युअर ईव्हीने सुमारे दोन हजार, तर ओलाने २४ एप्रिलला १,४४१ स्कूटर तपासणीसाठी बोलावल्या. तरीही सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांच्या मुलाचा भाजून मृत्यू झालाच.

लिथियम बॅटरीची आग इतर आगींपेक्षा वेगळी असते. बॅटरीत शेकडो छोटे सेल एकमेकांना जोडलेले असतात. एका सेलमध्ये आतल्या आत शॉर्टसर्किट झाले, की तो तापतो. त्या उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते, क्रियेने उष्णता आणखी वाढते आणि शेजारचा सेलही त्याच वाटेने जातो. त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. विझलेली वाटणारी बॅटरी काही वेळाने पुन्हा भडकते, ती यामुळेच. तापमान व विद्युतदाबावर लक्ष ठेवून वेळीच प्रवाह तोडणे हे बॅटरी व्यवस्थापन यंत्रणेचे काम. ती निकृष्ट असेल किंवा जोडणीत कसूर राहिली असेल, तर विदर्भातील मे महिन्याचा उन्हाळा त्यात भरच घालतो. पेट्रोलच्या यंत्रांत कारण तुलनेने सरळ असते : इंधनाची नळी झिरपते आणि थेंब तापलेल्या सायलेन्सरवर पडतो.

कंपन्यांना ‘रिकॉल’ या शब्दाचे वावडे जुनेच आहे. मार्च २०१० मध्ये मुंबईत नव्याकोऱ्या टाटा नॅनोने घरी नेतानाच पेट घेतला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने तोवर विकलेल्या सर्व, म्हणजे ७० हजारांहून अधिक नॅनोंच्या एक्झॉस्ट व विद्युत यंत्रणेला विनामूल्य अतिरिक्त संरक्षण देऊ केले; मात्र हा रिकॉल नाही, असे आवर्जून सांगितले. शब्द सौम्य ठेवल्याने बाजारातील पत राहते खरी, पण ग्राहकाला त्यातील निकड जाणवत नाही. ‘सवडीने जाऊ’ म्हणून तो थांबतो.

तेव्हा सक्तीचा कायदाच नव्हता. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ संघटनेने २०१२ मध्ये ऐच्छिक संहिता आणली. पुढे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०-अ हे कलम आले आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांबाबत ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्यास केंद्र सरकार चौकशी करून रिकॉलचा आदेश देऊ शकते. अशा वेळी उत्पादकाने वाहन दुरुस्त करून द्यायचे, बदलून द्यायचे किंवा पैसे परत करायचे. शिवाय दहा लाख ते एक कोटी रुपयांपर्यंत दंड. कंपनीने दोष स्वतःहून कळवून गाड्या बोलावल्या, तर दंड माफ. ही सवलत उदार वाटेल, पण दोष दडपण्याचा मोह त्यानेच कमी होतो. याखेरीज ई-वाहनांच्या बॅटरीसाठीचे ‘एआयएस-१५६’ हे मानक डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक करण्यात आले.

भातशेतीच्या या जिल्ह्यात आणखी एक उणीव बोचते. ट्रॅक्टर हे मोटार वाहन आहे. पेट्रोलवर चालणारे गवत कापण्याचे हातयंत्र मात्र नाही. त्याची नोंदणी होत नाही, त्यामुळे त्याचा मालक कोण, हे कोणत्याही सरकारी दप्तरात नसते. अमेरिकेत बसून चालवायची गवत कापणी यंत्रे आगीच्या धोक्यामुळे अनेकदा परत बोलावली जातात. तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाला असा दोष कळल्यापासून २४ तासांत कळवणे कंपनीवर बंधनकारक आहे. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू माघारी घ्यायला लावण्याचा अधिकार दिला आहे. पण गावातील दुकानातून पावतीविना घेतलेल्या यंत्राच्या मालकाला हुडकायचे कसे, याला उत्तर नाही.

वाहनाच्या बाबतीत निदान धागा तरी असतो. रिकॉल ठरावीक तुकडीपुरता असतो आणि तुकडी ओळखली जाते ती आरसीवर छापलेल्या चासी क्रमांकावरून. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर हा क्रमांक टाकला, की आपली गाडी यादीत आहे का ते कळते. दोषाची तक्रार केंद्राच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर नोंदवता येते. धागा तुटतो तो जुन्या गाड्यांच्या व्यवहारात. विकत घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घेण्यासाठी अर्ज करणे आवश्यक असले, तरी ‘एमएच-३५’ची गाडी तीन हातांतून जाऊनही कागदावर पहिल्याच मालकाची राहते. कंपनीचे पत्र मग त्याच्याच दारात जाते आणि मोबाइल क्रमांक बदललेला असेल, तर संदेशही कोणाला मिळत नाही.

यादीत गाडी आढळल्यास दुरुस्ती विनामूल्य असते, हमीची मुदत संपली असली तरीही. दोष बॅटरीचा असेल, तर तपासणी होईपर्यंत घरात चार्जिंग टाळावे, जिन्याखाली किंवा दाराच्या वाटेवर तर मुळीच करू नये. काम झाल्यावर काय बदलले, याची नोंद असलेले जॉबकार्ड मागून घ्यावे; गाडी पुढे विकताना तेच नव्या मालकाच्या हाती द्यावे लागते.