दुखण्याचं इंजेक्शन आणि गिधाडं



हरियाणातल्या पिंजोर केंद्रात वाढवलेली 20 गिधाडं रानात सोडण्यासाठी 2024 मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली. त्यातलं एक थेट तमिळनाडूपर्यंत गेलं. म्हणजे आपल्या सातारा-सांगलीच्या माळावरही ती उतरू शकतात.

डायक्लोफिनॅक टोचलेलं जनावर लगेच मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, तर त्यांची किडनी निकामी होऊन ती मरतात. जनावरांसाठी हे औषध 2006 पासून बंद आहे. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक 2023 पासून.

✅ गाय-म्हैस तापली, सुजली तर माणसांचं इंजेक्शन टोचू नका. डॉक्टरांना मेलोक्सिकॅमबद्दल विचारा. ते गिधाडांना सुरक्षित आहे.
✅ औषध दिलेलं जनावर दगावलं तर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा.