विश्लेषण : ‘वीकेंड’ला हर्णै गाठताय? आधी बंदराचे वेळापत्रक पाहा!

पावसाळा सुरू झाला की रहाटणी, काळेवाडी, पिंपळे सौदागर परिसरातून शनिवारी पहाटे निघालेल्या गाड्या ताम्हिणीमार्गे कोकणात उतरतात. त्यातल्या बऱ्याच दापोली तालुक्यातील हर्णैला पोहोचतात, ताज्या मासळीच्या ओढीने. नेमके त्याच वेळी बंदर रिकामे असते.

लिलाव केव्हा असतो?

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिकी नौकांना मासेमारीस बंदी असते. हा काळ अनेक जातींच्या माशांच्या प्रजननाचा, शिवाय समुद्रही खवळलेला. बंदी उठली तरी अनेक नौका नारळी पौर्णिमेला सागराची पूजा झाल्यावरच बाहेर पडतात. त्यामुळे जुलैमध्ये ताटात आलेली सुरमई ‘आजचीच’ असल्याचे कोणी सांगितले, तर ती बर्फातली असण्याचीच शक्यता अधिक.

हंगामात दुपार कलल्यावर किनाऱ्यावर लिलाव रंगतो. मोठ्या नौका खोल पाण्यात नांगरतात, मासळी लहान होड्यांतून काठावर येते आणि पुढे बैलगाड्यांतून वाळूवर. पर्यटकांना हे दृश्य मोहक वाटते. पण त्यामागे पुरेशा जेटीचा अभाव आहे. सुसज्ज बंदराची मागणी येथील मच्छीमार वर्षानुवर्षे करत आले आहेत. वादळाचा इशारा मिळाला की नौकांना आंजर्ले किंवा जयगडच्या खाडीत आसरा शोधावा लागतो. ३ जून २०२० रोजीच्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली-मंडणगड पट्ट्यात घरे आणि नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या, हे विसरता येणार नाही.

लिलाव म्हणजे हर्णै-पाजपंढरीच्या कुटुंबांची रोजची कमाई. बोली सुरू असताना मध्ये मोबाइल धरून उभे राहिले की काम अडते. घरापुरती मासळी हवी असेल तर बाजूला पाट्या मांडून बसलेल्या महिलांकडे जावे. घासाघीस तिथेही चालते, पण बेताने.

समोरचा किल्ला लंडनपर्यंत कसा पोहोचला?

बंदरासमोरील सुवर्णदुर्ग हे आंग्र्यांच्या आरमाराचे बळकट ठाणे. पेशवे आणि तुळाजी आंग्रे यांच्यात वितुष्ट आल्यावर पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने किल्ला जिंकला. जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर मनोरा उभारला. त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग’, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच! मराठ्यांच्या आपसातील भांडणाचे स्मारक परक्यांच्या राजधानीत आजही उभे आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ किल्ल्यांत सुवर्णदुर्गचाही समावेश आहे.

किल्ल्यावर होडीनेच जावे लागते आणि पावसाळ्यात ती फेरी मिळत नाही. महादरवाजाच्या पायरीवरचे कासव आणि तटावरचा मारुती आवर्जून पाहावा. होडी नसेल तर काठावरचे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवागड पायी होतात.

किनारे कोणते, धोका कशाचा?

दक्षिणेला मुरूड आणि कर्दे, उत्तरेला खाडीपलीकडे आंजर्ले. (हे मुरूड महर्षी कर्वे यांचे, जंजिऱ्याचे मुरूड रायगड जिल्ह्यात. नकाशात नुसते ‘मुरूड’ टाकून भलतीकडे जाणारे कमी नाहीत.) आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आणि हिवाळ्याच्या अखेरीपासून समुद्राकडे धावणारी ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले पाहता येतात.

ओहोटीला वाळू टणक दिसते म्हणून मोटारी थेट किनाऱ्यावर नेल्या जातात आणि भरती लागली की रुततात. मग त्या ओढून काढायला गावकरीच धावतात. कासवांची अंडी त्याच वाळूत असतात, हा दुसरा मुद्दा. समुद्रात उतरण्याआधी भरती-ओहोटीची वेळ स्थानिकांना विचारावी.

रहाटणीहून अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. घाटापेक्षा माणगावच्या कोंडीतच जास्त वेळ जातो. तेव्हा दुपारच्या लिलावासाठी पहाटे पाचच्या आत निघालेले बरे.